पोस्त, बोनस आणि टिप : अन्न वाहून नेणाऱ्याच्या मोबदल्याचा इतिहास

१

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाडनंतर आंबिवली हे स्थानक लागते. त्याच्या लगत, उल्हास नदीच्या बाजूस वसलेले मोहने हे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्याचे गाव म्हणूनच ओळखले जात असे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कृत्रिम रेशमाचा कारखाना तेथे होता व गावाचा दिनक्रम कारखान्याच्या पाळ्यांवर चालत असे. २००९ मध्ये हा कारखाना बंद पडला. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत मोडणाऱ्या ह्या परिसरात आज दुसऱ्याच एका श्रमिकाची ये-जा दिसते. भ्रमणध्वनीवर नोंदविलेली मागणी पाहून उपाहारगृहातून तयार अन्न उचलावयाचे व ते दुचाकीवरून गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचवावयाचे, हे त्याचे काम.

ह्या दोन श्रमिकांच्या मिळकतीत रकमेच्या फरकाहून मूलगामी असा एक भेद आहे. रेयॉनच्या कामगारास दिवाळीच्या सुमारास जी जादा रक्कम मिळे ती कायद्याने ठरविलेली होती. तिला ‘बोनस’ म्हणत, आणि ती मागताना त्यास कोणापुढे हात पसरावा लागत नसे. अन्न पोहोचविणाऱ्या तरुणास ठरलेल्या दराखेरीज जे मिळते त्यास ‘टिप’ म्हणतात, व ते सर्वस्वी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर अवलंबून असते. ह्या दोहोंच्या मध्ये, कालदृष्ट्या दोहोंच्या आधीपासून, मुंबईचा डबेवाला उभा आहे. त्याची दिवाळीची जादा रक्कम कायद्याची नाही, आणि केवळ मर्जीचीही नाही.

मोबदल्यातील मर्जीचा भाग हक्कात केव्हा रूपांतरित होतो आणि केव्हा होत नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. अन्न वाहून नेण्याच्या धंद्यात ह्या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी मिळाली असल्याने त्याच धंद्याच्या अनुषंगाने तो येथे तपासावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. कारण मोबदल्याचे प्रकार मराठीने फार काटेकोरपणे वेगळे ठेवले आहेत. ‘वेतन’ हा संस्कृत शब्द लिखित व्यवहारात टिकला. बोलीत त्याची जागा पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘पगार’ ह्या शब्दाने घेतली. ‘मजुरी’ फारशीतून आली. ‘हमाल’ हा मुळात ओझे वाहणारा या अर्थाचा अरबी शब्द. त्यावरून ‘हमाली’, म्हणजे वाहण्याचे दाम. ‘भाडे’ ह्याचा संबंध संस्कृत ‘भाटक’ ह्या शब्दाशी आहे. हे सर्व शब्द ठरलेल्या मोबदल्याचे आहेत. त्यांपैकी कोणत्याही शब्दाबरोबर ‘देणे’, ‘घेणे’, ‘थकणे’, ‘बुडविणे’ ही क्रियापदे सहज येतात. मजुरी थकते, भाडे थकते, पगार बुडविला जातो.

ह्याच्या उलट ‘बक्षीस’ हा शब्द घ्यावा. फारशीत त्याच्या मूळ धातूत देणे आणि क्षमा करणे हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे देणारा वरच्या पायरीवर आहे हे त्यात गृहीतच आहे. सणावारी आश्रितांना व नोकराचाकरांना जे द्यावयाचे त्यास ‘पोस्त’ असे नाव आहे. दिवाळीची पोस्त, शिमग्याची पोस्त. बक्षीस थकत नाही, पोस्त कोणी बुडवीत नाही. जे देणे लागत नाही ते थकणार कसे? तथापि ह्या दोहोंतही एक सूक्ष्म भेद आहे. बक्षीस हे प्रसंगापुरते व व्यक्तीपुरते असते. पोस्त ही ठरलेल्या सणाला, ठरलेल्या माणसाला द्यावयाची असते, आणि ती न दिल्यास देणाऱ्याची चारचौघांत नाचक्की होते. म्हणजे पोस्त ही मर्जी आणि हक्क यांच्या सीमेवरची वस्तू होय. तिच्यामागे कायदा नाही, पण प्रघात आहे.

इंग्रजीतून आलेला ‘टिप’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला खरा, परंतु अर्थाने तो पोस्तेच्या घरात न जाता बक्षिसाच्या घरात गेला. ह्या शब्दविवेकाचा उपयोग पुढे होणार आहे.

३

वाहून नेण्याचे काम एकाने घ्यावे आणि त्याचा मोबदला दुसऱ्याने आपल्या खुशीने द्यावा, ही रचना महाराष्ट्रास नवी नाही. गावगाड्यात निरोप पोहोचविणे, सरकारी सामान वाहणे, अंमलदाराबरोबर चालणे ही कामे महार वतनदारांकडे होती. काम बऱ्याच अंशी सरकारचे. मोबदल्याचा मोठा भाग मात्र रयतेने द्यावयाच्या बलुत्याचा. शेतकऱ्याची मर्जी फिरली की बलुते आटे, परंतु सरकारी काम आटत नसे. १८७४ च्या वतन कायद्याने ही रचना तशीच ठेवली होती. १९२८ मध्ये डॉ. भीमराव आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे जे विधेयक मांडले, त्यातील एक प्रमुख सूचना अशी होती की, बलुत्याचे रूपांतर रोख कराच्या स्वरूपात व्हावे आणि तो कर सरकारने सारा वसूल करताना गोळा करून वतनदारांस द्यावा. विधेयक संमत झाले नाही. अशी वतने पुढे १९५८ च्या कायद्याने नाहीशी झाली. परंतु त्या सूचनेमागील तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जो काम घेतो तोच मोबदल्यास जबाबदार असला पाहिजे, आणि तो मोबदला काम करणाऱ्याने दारोदार मागून गोळा करावयाचा नसून हिशेबाच्या वहीतून त्याच्याकडे आला पाहिजे, असे ते तत्त्व होय.

४

आता डबेवाल्याकडे वळू. ठाण्यापर्यंतची आगगाडी १८५३ मध्ये व कल्याणपर्यंतची १८५४ मध्ये सुरू झाली, आणि घर व कामाचे ठिकाण एकमेकांपासून दूर जाण्याची सोय झाली. घरचे जेवण कामाच्या जागी पोहोचविण्याचा धंदा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला असे परंपरा सांगते. धंद्यातील माणसे बव्हंशी पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर व मुळशी ह्या तालुक्यांतून आली. १९५६ मध्ये त्यांच्या न्यासाची नोंदणी झाली. कोविडपूर्व काळात सुमारे पाच हजार डबेवाले रोज सुमारे दोन लाख डबे पोहोचवीत असत असे सामान्यतः सांगितले जाई.

त्यांच्या अचूकपणाची स्तुती पुष्कळांनी केली आहे. येथे त्यांचा हिशेब महत्त्वाचा आहे. गिऱ्हाईक दर महिन्यास एक ठरलेला आकार देते. हा आकार अंतर, वजन व स्थळ पाहून ठरतो, आणि तो ठरविणारा डबेवालाच असतो. तो व्यक्तीच्या खिशात न जाता मुकादमाच्या हाताखालील गटाकडे जमा होतो. त्यातून रेल्वेचे पास, सायकली, हातगाड्या व संघटनेची वर्गणी हा खर्च वजा जाऊन उरलेली रक्कम गटातील सभासदांत सारखी वाटली जाते. गिऱ्हाइके ही गटाची मत्ता मानली जातात. नव्या माणसास गटात यावयाचे तर भांडवल घालावे लागते, अथवा प्रथम पगारी माणूस म्हणून राबावे लागते.

ह्या हिशेबातील दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली, परतीचा फेरा. डबा जेवणाच्या वेळी पोहोचतो व रिकामा डबा त्याच दिवशी घरी परत येतो. परतीच्या वाटेवरही वाहकाच्या हाती ओझे असते आणि महिन्याच्या आकारात त्या ओझ्याचे दाम धरलेले असते. दुसरी, दिवाळीची जादा रक्कम. दिवाळीस गिऱ्हाइकाने एका महिन्याचा आकार अधिक द्यावा असा प्रघात आहे. ह्यास डबेवाले ‘बोनस’ म्हणतात. वस्तुतः ती जुनी पोस्तच होय. परंतु तिची रक्कम ठरलेली आहे, तिची वेळ ठरलेली आहे, आणि ती देणाऱ्याचा मूड पाहून कमीजास्त होत नाही. गिऱ्हाईक प्रसन्न आहे की नाही, वाहक हसला की नाही, ह्याचा तिच्याशी संबंध नाही. एका अर्थी ती बाराव्या महिन्यानंतरचा तेरावा महिना आहे.

ह्या पद्धतीचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा विसरता कामा नयेत. ती काही तालुक्यांतील, नातेसंबंधांनी बांधलेल्या माणसांची आहे. बाहेरच्यास तीत प्रवेश कठीण. आणि मार्च २०२० मध्ये कार्यालये बंद झाली तेव्हा समान वाटणीचा अर्थ शून्याची समान वाटणी इतकाच उरला. गटाने मर्जीचा प्रघात बनविला होता. त्या प्रघाताच्या पाठीशी संकटकाळी उभा राहील असा कायदा मात्र नव्हता.

५

मर्जीचा कायदा कसा होतो ह्याचे उदाहरण त्याच मुंबईत, परंतु दुसऱ्या धंद्यात सापडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली व गिरण्यांचा नफाही वाढला. १९१७ च्या सुमारास मालकांनी ‘युद्धबोनस’ म्हणून पगारावर काही टक्के देण्यास सुरुवात केली. १९१९ पासून त्याखेरीज वर्षाकाठी एका महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळू लागला. चार वर्षे तो मिळाला. १९२३ सालचा बोनस देण्याचे मालकांनी नाकारले आणि १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाहून अधिक गिरणीकामगार संपावर गेले.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीपुढील प्रश्न भाषाशास्त्रीयही होता असे म्हणावयास हरकत नाही : ‘बोनस’ हा शब्द मजुरीच्या घरातला की बक्षिसाच्या? समितीने निष्कर्ष काढला की रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने बजावता येईल असा कोणताही हक्क कामगारांस सिद्ध करता आलेला नाही. संप मार्चमध्ये मोडला. चार वर्षांचा प्रघात हा प्रघात म्हणून मान्य झाला नाही.

परंतु प्रश्न मिटला नाही. १९५० मध्ये मुंबईच्या गिरण्यांच्याच एका वादात श्रमिक अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले : भांडवलाचे व झिजेचे देणे भागल्यावर जो नफा उरतो त्यावर श्रमाचाही दावा आहे. बोनस हे बक्षीस नव्हे, असा ह्याचा अर्थ होता. पुढे बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ मध्ये बोनस प्रदान अधिनियम आला. त्यातील किमान प्रमाण आरंभी ४ टक्के होते. १९७० च्या दशकात ते ८.३३ टक्के झाले. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, अर्थात एक महिना. १९१९ च्या गिरणीकामगारास मिळालेला एक महिना, डबेवाल्याच्या प्रघातातील एक महिना व कायद्यातील एक महिना ही एकच मोजणी आहे. मोहन्याच्या रेयॉन कामगाराच्या हाती पडणाऱ्या बोनसामागे चाळीस-पन्नास वर्षांचा हा इतिहास होता.

येथे कोणी शंका घेईल की, गिरणीस एक मालक असतो. रोज दहा दारी ओझे नेणाऱ्याने बोनस मागावा कोणाकडे? ह्या शंकेचेही उत्तर महाराष्ट्राने दिलेले आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसंबंधीचा अधिनियम झाला. ज्यास एक धनी नाही अशा वाहकासाठी त्यात मंडळाची योजना आहे. व्यापारी मजुरी व तिच्यावरील ठरावीक आकार मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी देते आणि जमलेल्या आकारातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा ह्यांची सोय करते. बलुते वहीत यावे ही १९२८ ची सूचना आणि माथाडी मंडळाची खातेवही ह्यांतील आंतरिक साम्य उघड आहे.

६

ह्या पार्श्वभूमीवर आजच्या वाहकाचा हिशेब पाहावा. स्विगी ही कंपनी २०१४ मध्ये बंगळूरु येथे सुरू झाली. झोमॅटोने २०१५ मध्ये अन्न पोहोचविण्याचे काम हाती घेतले. गिऱ्हाइकाच्या बिलात अन्नाची किंमत, पोहोचविण्याचा आकार, कर आणि २०२३ पासून ‘प्लॅटफॉर्म फी’ अशा निरनिराळ्या ओळी दिसतात. ही फी आरंभी २ रुपये होती. दोन-अडीच वर्षांत ती १० रुपयांच्या पलीकडे गेली. ती कंपनीच्या उत्पन्नात जमा होते. पोहोचविण्याचा जो आकार गिऱ्हाईक देते तोच वाहकास मिळतो असेही नाही. वाहकाचा दर कंपनी निराळ्या कोष्टकाने ठरविते. काही मागण्यांवर गिऱ्हाइकाकडून आकार घेतलाच जात नाही, तरी वाहकास दर द्यावा लागतो. म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेले दाम व वाहकाने मिळविलेले दाम ह्यांच्यातील जो सरळ धागा डबेवाल्याच्या धंद्यात होता तो येथे तुटला आहे. गिऱ्हाइकापासून वाहकापर्यंत न तुटता जाणारी रक्कम एकच : टिप. ती पूर्णपणे वाहकाकडे जाते असे कंपन्या सांगतात.

ह्या टिपेचे परिमाण किती? डिसेंबर २०२५ च्या अखेरीस वाहकांचे संप झाले. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी काही आकडे जाहीर केले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे २०२५ मध्ये झोमॅटोच्या वाहकाची टिप वगळून सरासरी मिळकत ताशी १०२ रुपये होती व टिपेची सरासरी ताशी २.६ रुपये होती. टिप मिळते ती सुमारे ५ टक्के मागण्यांवर. रोज दहा तास व महिन्यास सव्वीस दिवस काम केल्यास सुमारे २६,५०० रुपये होतात आणि इंधन व देखभाल वजा जाता सुमारे २१,००० उरतात, असा त्यांचा हिशेब आहे. हे आकडे कंपनीच्या बाजूने दिलेले आहेत. वाहकांच्या संघटना कमी मिळकतीची तक्रार करतात. तथापि वादासाठी कंपनीचाच हिशेब ग्राह्य धरला तरी निष्कर्ष स्पष्ट आहे. २.६ रुपये म्हणजे १०२ रुपयांच्या सुमारे अडीच टक्के. वर निर्देशिलेल्या महिन्यात टिपेचे पावणेसातशे रुपये होतात. वर्षाचे होतात सुमारे ८,१००. बाराव्या हिश्श्याची जुनी मोजणी लावली असती तर ती रक्कम साडेसव्वीस हजार झाली असती. १९१९ मध्ये मिळालेल्या आणि १९२४ मध्ये नाकारलेल्या ‘मर्जी’च्या तिसऱ्या हिश्श्याहूनही आजची मर्जी लहान आहे.

शिवाय ती अनिश्चित आहे. शंभर घरांपैकी पाच घरी टिप मिळते. कोणती पाच हे दार उघडेपर्यंत कळत नाही. पोस्तेमागे शेजाऱ्यापाजाऱ्यांची लाज होती. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिलेल्या वा न दिलेल्या टिपेस साक्षीदार नाही. टिप ही पोस्तेच्या घरात न जाता बक्षिसाच्या घरात गेली असे जे वर म्हटले त्याचा अर्थ हा.

परतीच्या फेऱ्याचीही तीच गत. कल्याण स्थानकाच्या आसपासच्या उपाहारगृहातून मोहन्यास अन्न आणणाऱ्यास परत जाताना हाती ओझे असेलच असे नाही. त्या रिकाम्या अंतराचे दाम कोष्टकात असले तर मिळते, नसले तर मिळत नाही. ते असावे की नसावे हे ठरविण्याचा अधिकार, जो डबेवाल्याकडे होता, तो त्याच्याकडे नाही. असे असूनही कंपन्यांच्या भाषेत त्याचे नाव ‘पार्टनर’, म्हणजे भागीदार, असे आहे. मराठीत भागीदार म्हणजे ज्यास नफ्यातोट्यात भाग आहे तो. डबेवाला ह्या अर्थाने खरा भागीदार आहे, परंतु त्यास कोणी त्या नावाने हाक मारीत नाही. आणि ज्यास त्या नावाने संबोधिले जाते त्याचा भाग कोणत्या वहीत लिहिला आहे ते सांगता येत नाही.

कायद्याने ह्या प्रश्नाची दखल घेण्यास आरंभ केला आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ह्या संज्ञेची व्याख्या केली व कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीस द्यावी असे ठरविले. मात्र ही रक्कम अशा कामगारांस दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही. परंतु ही व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरील कामगाराची आहे. बोनसाची तरतूद असलेली वेतन संहिता त्याच दिवशी अमलात आली. तिचे किमान ८.३३ टक्के नोकरास आहेत, ‘पार्टनर’ला नाहीत. म्हणजे १९२४ मध्ये समितीपुढे होता तोच प्रश्न एका शब्दाच्या फरकाने पुन्हा उभा आहे. तेव्हा ‘बोनस’ ह्या शब्दाचा अर्थ ठरवावयाचा होता. आता ‘कामगार’ ह्या शब्दाचा ठरवावयाचा आहे.

७

ह्या विवेचनातून निघणारे निष्कर्ष मर्यादित आहेत. मर्जीचा मोबदला हक्कात रूपांतरित होण्यास दोन गोष्टी लागतात असे दिसते. एक, मोबदल्याचा हिशेब वाहणाऱ्यांच्या किंवा त्यांना उत्तरदायी असलेल्या संस्थेच्या हाती असणे. ही गोष्ट डबेवाल्यांनी साधली. दुसरी, त्या हिशेबाच्या पाठीशी कायदा असणे. ही गिरणीकामगारांनी चार दशकांनी साधली. माथाडी मंडळात ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. ह्यांतील एकीवर भागत नाही. गटाची वही असूनही कायद्यावाचून डबेवाल्याची २०२० मध्ये जी अवस्था झाली ती पाहिली. उलट, कायदा असूनही देणाराच नाहीसा झाला तर काय होते हे मोहन्याने पाहिले आहे. कारखाना बंद पडल्यावर कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढे अनेक वर्षे न्यायालयीन प्रक्रियेत अडकून राहिला.

तथापि त्या देण्यांस ‘थकलेली’ म्हणता आले, ही गोष्ट लहान नाही. जे थकते ते मागता येते, त्याचा दावा लावता येतो, त्यासाठी माणसे दारात बसू शकतात. आज त्याच गावाच्या रस्त्यावरून अन्न घेऊन जाणाऱ्या तरुणास टिप मिळाली नाही, तर त्याचे काही थकले असे मराठी भाषा म्हणू देत नाही.